अर्ध्या हंगामाचं प्रगतिपुस्तक

जुलैचा तिसरा आठवडा आला की मी लिंडन बेंडमधल्या निम्म्या लोकांशी वाकडं घेते. आमच्या गावच्या ‘कुरिअर’मध्ये माझं बेसबॉलचं सदर येतं, आणि हंगाम अर्धा सरला की त्यात मी संघाचं प्रगतिपुस्तक छापते. प्रत्येक खेळाडूला एक श्रेणी, खाली एका ओळीचा शेरा. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण हाताची सवय जात नाही.

यंदा बगळ्यांना द्यायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. बगळे म्हणजे आमचा संघ. टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा आहे, आणि सहा संघांत पाचवा नंबर लावून संघही तसाच उभा होता. अर्थात आमच्यासारख्या गावात संघ जिंकला की हरला याचं कौतुक कमी, वर कोण जाणार याची चर्चा जास्त. पोरं सगळी वरच्या संघाच्या मालकीची. वरचा संघ तीन तासांवरच्या शहरात चाळीस हजारांच्या मैदानात खेळतो. त्याला माणूस कमी पडला की आमच्यातला एक उचलतो. आमच्याकडे उरतात ती एक तर कोवळी पोरं, नाहीतर टकर व्हेलन.

प्रगतिपुस्तकात पहिला होता एडिसन पेगेरो. वीस वर्षांचा डोमिनिकन पिचर, ताशी नव्व्याण्णव मैलांनी चेंडू फेकणारा. त्याला मी अ-अधिक दिलं. शेरा: ‘मे महिन्यात सैरभैर, जूनमध्ये शहाणा. वयाबरोबर समज आली.’ सदर छापून आलं त्याच दिवशी त्याला वर नेलं, आणि मी आठवडाभर गावात मान ताठ करून फिरले. दुसरा कार्सन ट्वीड, बावीस वर्षांचा कॅचर, म्हणजे तोंडाला मास्क लावून उकिडवं बसून पिचरचे चेंडू पकडणारा. सरासरी तीनशे दोन, म्हणजे हजारात तीनशे दोन वेळा फटका कामी आला. ‘बॅट बोलते. मातीत पडलेला चेंडू मात्र याला दिसत नाही.’ ब.

आणि अगदी तळाला टकर. तोही कॅचरच. वय एकतीस, अकरावा हंगाम, सरासरी दोनशे एकोणीस. अडीचशेला आमच्याकडे माणूस पोटापुरता समजतात, तेव्हा दोनशे एकोणीस म्हणजे काय ते सांगायला नको. वरच्या मैदानावर एक दिवससुद्धा नाही. नेब्रास्कात त्याच्या गावच्या शाळेने त्याला कोच म्हणून बोलावलं होतं आणि एकतीस जुलैपर्यंत उत्तर मागितलं होतं, हे सगळ्या लिंडन बेंडला ठाऊक होतं. तोवर वरून बोलावणं आलं नाही तर मास्क काढून घरी यायचं, असा शब्द त्याने बायकोला, जानेलला, दिला होता. मी लिहिलं: ‘सभ्य गृहस्थ. शाळा वाट पाहते आहे. ट्वीडची जागा अडवून ठेवण्यात आता अर्थ नाही.’ श्रेणी ड.

“ड?” मैदानावर भोंग्यावरून नावं पुकारणारा मॉर्ट माझ्यावर उखडला. “अगं डार्लीन, काळीज आहे का तुला?”

“आकडे आहेत,” मी म्हटलं.

टकरने मात्र मला गाठून हात मिळवला. “ह्रुस्काबाई, ड कशाला, नापासाचा फ द्यायचात. मी स्वतःला तोच दिला असता.” असं बोलणाऱ्या माणसावर रागवायचीही सोय नसते.

एकतीस जुलैला दुपारी बाराचा सामना होता. स्टँडमध्ये उन्हाळी शिबिरांची पोरं आणि त्यांचा कलकलाट. एकतीस जुलै हा अदलाबदलीचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळपर्यंतच संघांना आपापसांत माणसं बदलता येतात. म्हणून त्या दिवशी आम्ही बातमीवाले चेंडूकडे कमी आणि खेळाडू बसतात त्या डगआउटकडे जास्त बघतो. चालू सामन्यातून एखाद्याला काढलं आणि आत सगळे त्याला मिठ्या मारायला लागले, की समजायचं, गेला. अधिकृत बातमी तासाभराने येते, मिठी आधी येते. ज्याने मिठी पहिल्यांदा पाहिली, बातमी त्याची.

चौथ्या इनिंगच्या मध्यावर कोच ओचोआ डगआउटच्या पायरीवर आला आणि त्याने टकरला हाक मारली. टकर मास्क काखेत घेऊन गेला. ओचोआ त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. टकर खाली बसला. बसलाच एकदम, बाकावर, आणि चेहरा हातांत घेतला. मग ट्वीड आला आणि त्याच्या गळ्यात पडला. मग सगळा संघ. पाणी देणाऱ्यापासून पट्ट्या बांधणाऱ्यापर्यंत एकेक येऊन त्याला कवटाळत होता, आणि ओचोआ, जो पंचांशी भांडतानासुद्धा च्युइंगम थांबवत नाही, तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

मॉर्ट म्हणाला, “विकला वाटतं टकरला.”

“एकतीस वर्षांचा, दोनशे एकोणीसवाला कॅचर कोण घेतो?” मी म्हटलं. “मॉर्ट, तो सोडतोय. आज शेवटची तारीख आहे ना. शाळेला हो म्हणाला.”

दोन अधिक दोन इतकं सोपं होतं. चार मिनिटांत मी मजकूर लिहून कुरिअरच्या संकेतस्थळावर टाकलासुद्धा. ‘टकर व्हेलन निवृत्त. अकरा वर्षांच्या निष्ठेला लिंडन बेंडचा सलाम.’ खोटं कशाला बोलू, लिहिताना मला रडू येत होतं आणि त्याच वेळी आपलं बरोबर ठरल्याचं बरंही वाटत होतं.

मॉर्टने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि दोन इनिंगमधली जाहिरात मधेच तोडून माइक उघडला. “मंडळी, आपला टकर आज मास्क खाली ठेवतोय. अकरा वर्षं! उभे राहा!”

सगळं मैदान उभं राहिलं. शिबिराच्या पोरांना टकर कोण हे ठाऊक नव्हतं, पण ओरडायला मिळतंय म्हटल्यावर त्यांनी कसर ठेवली नाही. टकर खांद्यावर पिशवी टाकून डगआउटमधून निघाला होता. तो थबकला. चारी बाजूंना बघितलं. मग टोपी उचलली, पण ती उचलण्याची तऱ्हा रस्ता चुकलेल्या माणसासारखी होती. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने कठड्यावरून वाकून त्याचा हात धरला. तो तिला काहीतरी सांगत होता आणि ती ऐकून न घेता नुसती मान हलवत होती.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

मी खाली धावले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. कपडे बदलायच्या खोलीबाहेर टकर भिंतीला टेकून फोन लावत होता. पलीकडून कोणी उचलत नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “हे लोक मला निरोप का देतायत?”

“तू सोडतोयस ना?”

“मला वर बोलावलंय,” तो हळूच म्हणाला, जणू मोठ्याने म्हटलं तर कोणी काढून घेईल. “त्यांनी आत्ताच दुसरा कॅचर पूर्वेकडच्या एका संघाला देऊन टाकला. पहिल्याचा अंगठा सुजलाय. आज पेगेरोची वरची पहिली पाळी आहे, आणि तो म्हणाला, मला टकर हवा.”

मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

“मी लिहिलंय की तू निवृत्त झालास,” मी म्हटलं.

“लिहिलंय म्हणजे? छापलंत?”

“सगळ्या जगात.”

तो हसेल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा उतरला. “जानेल फोन उचलत नाहीये,” तो म्हणाला. “तिला हे असं कळायला नको होतं. ना हे, ना ते.”

मी जागच्या जागी संपादक गसला फोन केला. गसने मजकूर उतरवला, पण तोवर तो गावभर आणि गावाबाहेर गेला होता. खरं काय ते लिहू म्हटलं तर टकरने हात जोडले. “आत्ता नको. पाच वाजता वरचा संघ स्वतः जाहीर करेल. त्याआधी बातमी फुटली तर तिथे पाऊल टाकायच्या आधीच माझं नाव खराब. आणि जानेलला मीच सांगणार.”

प्रश्न पोचायचा होता. सहा चाळीसचा सामना, पाचपर्यंत हजर व्हायचं. विमान नाही. संघाची व्हॅन सकाळी एका जखमी पोराला घेऊन इस्पितळात गेलेली. टकरची गाडी जानेल नेब्रास्काला घेऊन गेली होती.

“माझी ब्यूइक बाहेर उभी आहे,” मी म्हटलं. “बस.”

तास-दीड तास आम्ही मक्याच्या शेतांमधून जात होतो आणि टकर दर दहा मिनिटांनी फोन लावत होता. शेवटी मलाच राहवलं नाही.

“पेगेरोने मे महिन्यात एका सामन्यात भरकटलेले चेंडू टाकून सात जणांना फुकट पहिल्या बेसवर सोडलं,” मी म्हटलं. “जूनमध्ये सगळ्या महिन्यात चार. मी लिहिलं, समज आली. काय झालं होतं रे?”

“काही नाही. बेसवर माणूस उभा राहिला की पोरगं घाई करायचं. श्वास घ्यायलाच विसरायचं.”

“मग?”

“मग मी उठून त्याच्याकडे जायचो आणि विचारायचो, आज तुझ्या आईने काय केलं असेल जेवायला?”

“आणि?”

“आणि तो म्हणायचा, सान्कोचो, म्हणजे त्यांच्याकडचा रस्सा. मी म्हणायचो, कोंबडीचं की बकऱ्याचं? तो विचारात पडायचा. तेवढ्यात श्वास आपोआप खाली यायचा. बास.”

“हे इतकंच?”

“कधी कधी तिसऱ्यांदा जावं लागायचं. मग पंच ओरडायचे.”

मी रस्त्यावर नजर ठेवली. एकाला मी अ-अधिक दिलं होतं आणि एकाला ड. त्यातलं पहिलं दुसऱ्याने मिळवून दिलेलं होतं, आणि माझ्या वहीत या गोष्टीला रकानाच नव्हता. एकतीस वर्षं मी पोरांना बजावलं होतं की उत्तराआधी रीत दाखवा.

“मला का नाही सांगितलंस कधी?” मी विचारलं.

“तुम्ही विचारलं नाहीत,” तो म्हणाला. टोमणा मारावा इतकाही राग त्या आवाजात नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. जानेल दातांच्या दवाखान्यात काम करते. त्याने घाईघाईत भलतंच बटण दाबलं आणि तिचा आवाज गाडीभर घुमला.

“टकर! तू मला न विचारता सोडलंस? मला दाढ काढायला आलेल्या माणसाकडून कळतंय! तोंडात कापूस घालून तो मला सांगतोय, अभिनंदन!”

“अगं ऐक तरी—”

“मी रडले, टकर. मोरीत जाऊन रडले. मग म्हटलं, चला, सुटला बिचारा. शाळेच्या लिंडक्विस्टना फोन करून हो सांगून टाकलं. म्हटलं, तुझ्या तोंडून हो निघणार नाही, मीच सांगते.”

“शाळेला हो म्हणालीस?”

“म्हणाले. ते तर पार्टी करतायत तिकडे. का? काय झालं?”

टकरने डोळे मिटले. “जानेल, मला वर बोलावलंय.”

मी गाडीचा वेग नकळत कमी केला.

“कोणी?” ती म्हणाली.

“कोणी म्हणजे? त्यांनी. आज. पेगेरो फेकणार, मी पकडणार. सुरुवातीपासून.”

मग जो आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा ते मला सांगता येणार नाही. मागे दवाखान्यात कोणीतरी विचारत होतं, बरी आहेस ना? आणि ती ओरडून सांगत होती, माझा नवरा वर गेला, वर गेला, आणि पुन्हा हुंदके.

“शाळेचं काय करू?” टकर म्हणाला. “आपण शब्द दिला आता.”

“शाळा सप्टेंबरात भरते. लिंडक्विस्टना मी बघते. मोठ्या मैदानात खेळून आलेला कोच मिळतोय म्हटल्यावर ते हंगाम संपेपर्यंत काय, नाताळपर्यंत थांबतील.” तिने नाक ओढलं. “गाडी कोण चालवतंय?”

“ह्रुस्काबाई.”

“कोण, ती ड देणारी?”

“ऐकतायत त्या.”

“ऐकू दे की! बाई, आधी त्याला नीट पोचवा. भांडायचं ते मी मागून भांडते.”

“चालेल,” मी म्हटलं. आणि अॅक्सिलरेटर दाबला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही खेळाडूंच्या दारापाशी थांबलो. पहारेकरी माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, हातात यादी. टकरने पिशवी खांद्यावर घेतली आणि नाव सांगितलं.

पहारेकऱ्याने बोट यादीवरून खाली आणलं. “व्हेलन. आहे.” मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि खिशातून फोन काढला. “पण थांबा. हा माणूस तर आज निवृत्त झाला. माझी बायको लिंडन बेंडची. तिने दुपारीच पाठवलं, रडत होती. हे बघा.”

“ती बातमी चुकीची आहे,” टकर म्हणाला.

“पेपरात आलंय साहेब. खाली बाईंचं नावही आहे. यादीच सकाळची असणार. वर विचारून घेतो, तुम्ही जरा बाजूला थांबा.”

अकरा वर्षांचा माणूस दारापासून चार पावलांवर उभा, आणि माझ्या वाक्याने त्याला अडवून धरलेलं. टकर खरोखर बाजूला झाला. हेही त्याच्या स्वभावातलंच. मी गाडीतून उतरले.

“त्या मजकुराच्या खाली ज्या बाईचा फोटो आहे ना, ती मी,” मी म्हटलं.

त्याने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “फोटो बराच जुना दिसतोय.”

“फोटो जुना आहे आणि बातमी खोटी आहे. मी मिठ्या बघितल्या आणि निरोप लिहिला, कारण आठवडाभर आधी मीच त्याला निरोप देऊन मोकळी झाले होते. त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही. हा माणूस निवृत्त झालेला नाही. आज तुमच्या पिचरचे चेंडू हाच पकडणार आहे, आणि याला आणखी पाच मिनिटं इथे उभं केलंत तर तुमच्या बायकोला मी स्वतः फोन करीन.”

पहारेकरी काही बोलणार तोच आतून धावत पावलं आली. पेगेरो. अर्धा गणवेश, पायांत नुसते मोजे, चेहरा पांढराफटक.

“म्हाताऱ्या! किती उशीर!” त्याने टकरचा दंड घट्ट धरला. “मला नाही जमणार. हात गार पडलेत. चाळीस हजार लोक येणार म्हणतायत.”

टकरने पिशवी खाली ठेवली. “जेवलास का?”

“जात नाहीये.”

“आज काय केलं असेल आईने?”

“म्हाताऱ्या, आत्ता नको हे.”

“आज गुरुवार आहे. गुरुवारी काय करते?”

पोरगं थांबलं. वर बघितलं, जसं फळ्यावर काही लिहिलेलं असावं. “भात,” तो म्हणाला. “भात आणि घेवडा.”

“लाल की काळा?”

पेगेरोने विचार केला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे खांदे खाली आले, एक लांब श्वास सुटला, आणि दंडावरची पकड सैल झाली. “लाल,” तो म्हणाला. “काळा बाबांना आवडत नाही.”

पहारेकऱ्याने दार उघडलं. टकरने पिशवी उचलली, वळून माझ्याकडे बघितलं आणि टोपी उचलली. दुपारसारखी नाही. या वेळी कोणासाठी उचलतोय ते त्याला ठाऊक होतं. मग दोघं आत गेले. मोजे घातलेलं पोर पुढे, आणि त्याच्या मागे हा, गुडघ्यांतून किंचित वाकलेला, अकरा वर्षं वाकूनच बसलेला.

मला तिथे रडायला वेळ नव्हता. पाच वाजून गेले होते. मी गसला फोन लावला.

“दुरुस्ती लिहून घे,” मी म्हटलं.

“आतल्या पानावर, चौकटीत?”

“पहिल्या पानावर. वरती.”

“बरं. सांग.”

“पेगेरोचा शेरा रद्द. जूनमध्ये तो शहाणा झाला नव्हता. त्याच्यासमोर टकर व्हेलन बसत होता.”

“झालं. पुढे?”

समोर तिकीटखिडकीपाशी रांग लागायला लागली होती. मी पाकीट काढून रांगेत उभी राहिले, फोन कानाला लावूनच. वही गाडीतच राहिली होती, ती आणायला मी परत गेले नाही.

“लिही,” मी म्हटलं. “टकर व्हेलन निवृत्त झालेले नाहीत. ते आज कामावर आहेत.”